वार, दिनांक, हजर

आमच्या घरात आईच्या अल्झायमरची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, पहिली नोंद कुठल्या डॉक्टरांनी केली नाही. ती कालनिर्णयवर झाली, आईच्याच अक्षरात.

आईचं कालनिर्णय म्हणजे घराची वही. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, पेपरवाल्याचे पैसे, मावशींच्या सुट्ट्या, सगळं त्या चौकोनांत बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असायचं. बाबा गेल्यावर मी तिला साताऱ्याहून पुण्याला आणलं, तेव्हा भिंतीवरून तिने आधी ते उतरवून घेतलं होतं, खिळ्यासकट. त्या वर्षीचं ऑगस्टचं पान उलटताना मला दिसलं, सलग नऊ दिवस 'दूध नाही' असं लिहिलंय. दूध रोज येत होतं. पिशवी तीच आत घ्यायची, तीच तापवायची, सायसुद्धा काढून ठेवायची. आणि मग केव्हातरी कालनिर्णयपुढे उभं राहून खाडा मांडायची. नऊही दिवस अक्षर तितकंच स्वच्छ होतं.

मी मोबाइलच्या ॲपचं डिझाइन करते. कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, माणूस चुकला तर त्याला पुढे काय दिसावं, हे ठरवण्यात बारा वर्षं गेली. त्यामुळे आईचं निदान झालं तेव्हा रडून झाल्यावर माझ्या मनात आलं, की निदान इथे तरी मी तिच्या उपयोगी पडेन.

निदानाचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात-सात वजा करत चला, घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तपासणी अशीच करावी लागते, आणि त्या डॉक्टरबाई फार मायेने विचारत होत्या. पण आई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. प्रश्न विचारायची बाजू तिची. वजाबाकी तिने झरझर केली, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. पावकी-निमकी पाठ असलेली पिढी ती. वार विचारला तेव्हा मात्र तिची मान माझ्याकडे वळली. महिन्यालाही वळली. मजल्यालाही. पदराचं टोक ती बोटाभोवती गुंडाळत होती. या मान वळण्याचीसुद्धा आम्ही नोंद घेतो, असं डॉक्टरबाईंनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं.

या आजाराचा पहिला कागदही प्रश्नोत्तरांचाच आहे. 26 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी 51 वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना विचारलं, नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. दुपारी त्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होत्या. काय खाताय, असं विचारल्यावर म्हणाल्या, पालक. ती हरवलेली फाइल 1995 मध्ये सापडली. आईच्या निदानानंतर मी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला आजारापेक्षा ती बाईच जास्त दिसत राहिली. जेवणाच्या ताटावरही तिची परीक्षा चालू होती.

घरी तरी आम्ही वेगळं काय करत होतो? आलेला प्रत्येक पाहुणा दारातूनच विचारायचा, "काय काकू, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" प्रेमानेच विचारायचा. आई हसायची, "ओळखलं की!" म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. आत आल्यावर ओट्याला टेकून माझ्याकडे बघायची.

आणि माझं काम? एकदा मी केलेल्याच एका पैसे भरायच्या ॲपमध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपण माणसाला किती गोष्टी विचारतो, ते मोजलं. चौदा. पासवर्ड काय, आत्ताच आलेले सहा आकडे काय, हे खातं की ते, खात्री आहे का, खरंच खात्री आहे का. लक्षात ठेवणं हे खरं तर यंत्राचं काम, आणि आम्ही ते माणसाकडून करून घेतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे, की भारतात साठीच्या पुढच्या 88 लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, स्मृतिभ्रंश आहे. आमच्या ऑफिसात ॲप तपासून बघायला जी माणसं बोलावतात, त्यांत मी सत्तरीचं एकही माणूस कधी पाहिलेलं नाही.

विसरणाऱ्या माणसासाठी काही करायचं तर यंत्राने विचारू नये, सांगावं. हे आज मी एका वाक्यात लिहितेय, पण ते कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षाची किंमत आईने मोजली.

सुरुवात टॅबपासून केली. बटणं मोठी ठेवली, फिकट निळी, कारण निळा रंग शांत वाटतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्याच्या छटा मळतात. पांढऱ्यावरचं ते फिकट निळं आईला धड दिसतच नव्हतं. बटण ती दारावरची बेल दाबावी तसं दाबायची, जोर देऊन, खात्री होईपर्यंत बोट न उचलता. टॅब त्या दाबण्याचा भलताच अर्थ लावायचा आणि विचारायचा, 'काढून टाकायचं?' कधी तिच्या कोरड्या बोटाची दखलच घ्यायचा नाही. मग ती बोट जिभेला लावून ओलं करायची, वहीचं पान उलटताना करतात तसं, आणि पुन्हा दाबायची. तिला वाटायचं, चूक तिच्या बोटाची आहे.

गोळीच्या वेळेला बारीक स्वर वाजायचा. तो तिला ऐकूच यायचा नाही. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. धुराच्या अलार्मवर झालेल्या अभ्यासांत नेहमीच्या 3,100 हर्ट्झच्या किंकाळीपेक्षा 520 हर्ट्झच्या जाड आवाजाने कमी ऐकू येणारी माणसं जास्त जागी झाली, हे मी नंतर वाचलं आणि आवाज खाली आणला. आता ऐकू येऊ लागला. पण आवाज सांगतो काय? काहीतरी झालंय, एवढंच. आई उठायची, शेगडी बघायची, नळ घट्ट करायची, दार उघडून कोणी आलंय का बघायची. गोळी जागच्या जागी.

म्हणून मी माझाच आवाज भरून ठेवला. "आई, सकाळची गोळी घे गं." पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला, की आई खाली फाटकाशी उभी आहे आणि तुला हाका मारतेय. आवाज आला म्हणजे मी आले होते. घरात दिसत नाही म्हणजे खाली गेले असणार. ती मला शोधत तीन जिने उतरली होती, अनवाणी. मी घरी पोचले तेव्हा काकूंनी तिला वर आणून बसवलं होतं, आणि मला बघताच ती म्हणाली, "किती हाका मारल्या, ओ दिली नाहीस." तो आवाज मी त्याच संध्याकाळी पुसून टाकला.

गोळ्यांचा कुलपाचा डबाही आणला होता, वेळ झाली की एक कप्पा उघडणारा. तो तिने उलथन्याने उचकटला. ज्या बाईने शाळेच्या किल्ल्या सांभाळल्या, तिला तिच्याच औषधापासून कुलूप लावलं होतं.

पण सगळ्यात मोठी चूक इंडक्शनची. गॅस धोक्याचा म्हणून शेगडी काढली आणि इंडक्शन आणलं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून टक् टक् आवाज येत होता. आई त्या काळ्या काचेवर लायटर मारत होती. डावा हात काचेच्या कडेला बटण चाचपत होता, जिथे ते चाळीस वर्षं होतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "गॅस संपलाय, नंबर लावायला हवा," आणि लिहून ठेवायला कालनिर्णयकडे गेली.

हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट मला कॉलेजपासून माहीत होती. 1953 मध्ये फिट थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा थोडा भाग काढला आणि त्यानंतर नवी आठवण त्याच्याकडे टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघत चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवस. हे आपण आधी केल्याचं त्याला आठवत नसे, हात मात्र दिवसागणिक सफाईने फिरू लागला. डोक्याला माहीत नसलेलं हाताला माहीत असू शकतं. परीक्षेत हे मी पानभर लिहून आले होते, आणि घरात मात्र आईच्या डोक्याची चूक सुधारायला तिच्या हाताला येत होतं तेवढंही काढून घेतलं.

शेगडी परत आणली. सिलिंडरच्या बाजूला, तिच्या नजरेआड, ठरावीक मिनिटांनी गॅस तोडणारा टायमर बसवून घेतला. आईला त्यातलं काही करावं लागत नाही. ती पूर्वीसारखाच चहा करते.

त्या दिवसांत मला खरा धीर दिला तो एका बापाच्या यंत्राने. कॅलिफोर्नियातले इंजिनियर लॅरी ट्रेडगोल्ड यांच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. त्याच्यासाठी त्यांनी नील हर्श या मानसशास्त्रज्ञांबरोबर 'न्यूरोपेज' तयार केलं. कंबरेला लावायचा साधा पेजर. ठरल्या वेळी संदेश आपोआप यायचा आणि बटण एकच, मोठं. काही उघडायचं नाही, निवडायचं नाही, आठवायचं नाही. शिवाय त्या काळी पेजर कामाधंद्यातली चांगली धडधाकट माणसंही लावायची, त्यामुळे तो लावणारा चारचौघांत वेगळा दिसत नसे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांनी त्याचा अभ्यास केला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 143 माणसं होती, आणि सोळा आठवडे पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना पेजर असताना आपली रोजची कामं पुष्कळच चांगली जमली.

पण त्यातल्या बहुतेकांच्या मेंदूला मार लागलेला होता. त्यांची विस्मृती जिथे होती तिथे थांबलेली. आईची पुढे सरकत होती. आज लागू पडलेली युक्ती दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही, हे गृहीत धरून काम करायचं, हे मला माझ्या धंद्यात कोणी शिकवलं नव्हतं.

फळ्याची कल्पना माझी नाही, आईचीच. मावशींच्या नातवाची पाटी आमच्याकडे राहिली होती. एका सकाळी आईने ती उचलली, पदराने पुसली आणि वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक लिहिलं. वार. दिनांक. पट. हजर. प्रत्येकापुढे दोन टिंबं दिली, खाली रेघ ओढली, आणि मग पेन्सिल वारापुढे धरून थांबली. बराच वेळ थांबली. रकाने तिला आठवत होते. त्यांत काय भरायचं ते नव्हतं.

मी अप्पा बळवंत चौकातून लाकडी चौकटीचा फळा आणला. 'वार' आणि 'दिनांक' यांच्या पुढे सुताराकडून खिडकी कापून घेतली आणि मागून तोच टॅब बसवला. काळ्या पाटीवर खडूसारखी पांढरी अक्षरं: मंगळवार, तारीख आणि सकाळ. घड्याळ नाही. बटण नाही. बोट लावलं तरी काही होत नाही. ते रकाने यंत्र भरतं, बाकीचा फळा आईचा. ऑफिसला जाण्याआधी मी खडूने लिहिते, 'दुपारी मावशी येतील. मी सहा वाजता येते.' आई ते मोठ्याने वाचते, वर्गाला ऐकू जावं तसं, शब्दाशब्दावर थांबून. खडूच्या फळीवर वाटीत एका वेळची गोळी असते. वेळ झाली की शाळेच्या घंटेचा एक टोल पडतो आणि खिडकीत अक्षरं येतात, 'गोळी खाली वाटीत आहे.' टोल पडला की आई फळ्याकडेच बघते. ते तिला मी शिकवलेलं नाही.

एकच टोल का, तेही सांगते. आधी मी सलग वाजणारी घंटा ठेवली होती. ती ऐकून आईने बटवा घेतला आणि शाळा सुटली म्हणून घरी निघाली.

तिची शाळा पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर होती, दोन शिक्षकी. आम्ही राहायचो खाली बाजाराच्या गावात. अजूनही चार-साडेचार झाले, ऊन तिरपं झालं की तिला घरी जायचं असतं. "आई, हेच आपलं घर" म्हटलं की ती चिडते, मग रडवेली होते. माणूस हरवू नये म्हणून मिळणारी यंत्रं मी सगळी पाहिली. घड्याळ रोज चार्ज करावं लागतं. चपलेत बसवायचं मिळतं, पण आपल्याकडे बाईमाणूस देवळात गेलं की चप्पल बाहेर. गळ्यातलं पदक तिने पहिल्याच दिवशी काढून देवापुढे ठेवलं. शेवटी रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती तिच्या बटव्याच्या अस्तरात शिवली, कारण बटव्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.

तिला न सांगता हे करणं सोपं होतं. सांगितलं तरी ती विसरणारच होती. पण विसरणार म्हणून सांगायचंच नाही, हे मला पटेना. म्हणून रोज सकाळी बटवा तिच्या हातात देताना सांगते, "यात एक यंत्र आहे. तू वाट चुकलीस तर मला कळतं." बहुतेक दिवशी ती म्हणते, "बरं केलंस." एखाद्या दिवशी म्हणते, "मी काय लहान आहे?" त्या दिवशी चकती काढून ठेवते आणि घरूनच काम करते.

आणि तरी रोज साडेचारला मी तिच्याशी खोटं बोलते. म्हणते, "मुक्कामाची गाडी यायचीय अजून. तोवर चहा घे." मुक्कामाची एसटी म्हटलं की ती शांत बसते, बटवा मांडीवर ठेवून. जर्मनीत डसेलडॉर्फच्या बेनराथ भागात एका वृद्धाश्रमासमोर 2008 मध्ये बसथांबा उभारला, ज्यावर बस कधीच येत नाही. घरी जायला निघालेले आजी-आजोबा तिथे बसतात, कोणीतरी शेजारी येऊन बसतं, बोलतं आणि थोड्या वेळाने त्यांना आत घेऊन येतं. त्याची स्तुती करणारे आहेत, फसवणूक म्हणणारेही आहेत. मला दोघांचंही पटतं. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलंय, की गाडीचं सांगितलं की तिथून उठायचं नाही. गाडीची वाट आम्ही दोघी मिळून बघतो.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते आठवलं की अजून वाईट वाटतं. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. 2014 पासून ते अंगठा टेकवून करता येतं. पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, आणि एका काउंटरवर आईची दहाही बोटं यंत्राने नाकारली. "जुळत नाही," काउंटरवरच्या मुलाने सहज म्हटलं, आणि आईने विचारलं, "म्हणजे मी नाही का?" आता चेहऱ्यावरून दाखला होतो, 2021 मध्ये ती सोय आली. ती घरबसल्या होते, आणि आईला फक्त पापण्या मिटायच्या-उघडायच्या असतात. मी समोर बसून मिटते, माझं बघून ती मिटते. ज्यांनी कोणी हे केलं त्यांचे मी मनापासून आभार मानते.

गेल्या उन्हाळ्यापासून आई फळ्यावरची खिडकी वाचत नाही. वार कुठला आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं उरलेलं नाही. मला ती कधी कधी 'तुम्ही' म्हणते. पहिल्यांदा म्हणाली ते ताटावर. "तुम्ही जेवलात का?" आवाजात इतकं अगत्य होतं, की मी "नाही अजून" म्हणाले आणि तिने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. फोटोंखाली मी नावं लिहून ठेवलीत. 'ही तुझी धाकटी बहीण, कराडची.' 'ही तुझी मुलगी. पुण्यात तुझ्याजवळ असते.' ती ते वाचते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "चांगली दिसते मुलगी."

पट आणि हजर मात्र ती अजून रोज स्वतः लिहिते. खडू हातात दिला की हात आपोआप वर जातो. पूर्वी घरातली माणसं मोजून 'हजर 2' लिहायची. हल्ली तिथे वर्गच असतो.

काल पाऊस होता. तिने पट 34 लिहिला, हजर 33. मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. विचारलं, "बाई, आज कोण आलं नाही?"

ती वळली. मान माझ्याकडे उत्तरासाठी वळली नव्हती. "वरच्या वाडीतलं पोर," म्हणाली. "ओढ्याला पाणी आलं की अडकतं. पाणी उतरलं की येईल पळत."

खडू फळीवर ठेवून ती दाराकडे गेली. मी बटव्याकडे पाहिलं, तो खुर्चीवरच होता. तिने कडी काढली, दार थोडं किलकिलं केलं, आणि परत येऊन फळ्यासमोर बसली.